हाफकिन यांचे संशोधन आणि मुल्कोवालची बाटली

मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव सुशिक्षित वाचकास परिचित असते. परंतु ज्यांच्यावरून ते पडले, त्या वाल्डेमार हाफकिन यांची संशोधक म्हणून झालेली वाटचाल एका लहानशा बाटलीपाशी कशी अडली, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, आणि १८९२ साली पटकीवरील लस तयार करून ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांनी अवलंबिलेली पद्धत लसीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. एकाच घरात राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. नंतर तेथे पटकी उद्भवली असता दोन्ही गटांत किती आजारी पडले, हे ताडून पाहावयाचे. तुलनेवाचून गुण आला असे म्हणणे त्यांस मान्य नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व व्हरांडा मिळाला. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता प्लेगचे जंतू त्यांच्या आधाराने खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले; ही वाढ उष्णतेने मारून लस सिद्ध होई. दि. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला, आणि लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. (‘लस’ म्हणजे मुळात व्रणातून पाझरणारा पातळ द्रव. देवीच्या फोडातील द्रव टोचण्याच्या प्रथेने या शब्दास नवा अर्थ आला. हाफकिन यांच्या लसीत असा द्रव मुळीच नव्हता, तरी शब्द टिकला.) १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली.

दि. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस तो झाला नाही. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेस दिला. लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याचे तेथे बंद होऊन केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली होती, हे त्यास एक कारण दाखविण्यात आले. हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले.

वस्तुतः धनुर्वाताचे बीजाणू सौम्य कार्बोलिकने सहसा मरत नाहीत. तेव्हा हे कारण प्रारंभापासूनच लंगडे होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढले असते, तर तिला दुर्गंधी आली असती; उघडताना ती आढळली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीतच नमूद होते. ज्या संशोधकाने आयुष्यभर ‘ताडून पाहा’ असा आग्रह धरला, त्याच्याच प्रकरणी पुराव्याची ही छाननी व्हावयास पाच वर्षे लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा अन्याय उघड केला, आणि हाफकिन दोषमुक्त ठरले.

त्यानंतर ते हिंदुस्थानात परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्यास. आणि तेथे लस तयार करण्याची व्यवस्था नव्हती. पूर्वीच्या तोडीचे कार्य त्यांच्या हातून पुन्हा घडले नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले; १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.