मुदत ठरवायची कोणी?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर पूर्वी दोनच वर्षांसाठी निवडला जाई; कारभारात स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याला पुन्हा प्रचाराला निघावे लागे. १९८४ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आला, मतदारांनी तो संमत केला आणि १९८६ मध्ये बिल क्लिंटन चार वर्षांसाठी निवडून आले. ऱ्होड आयलंडने १९९२ मध्ये हाच मार्ग धरला. न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट मात्र अद्याप दोन वर्षांवरच ठाम आहेत.

आपल्याकडे मुदतीच्या प्रश्नावर मतदाराचा कौल घेण्याची सोयच नाही. १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांची मुदत पाचावरून सहा वर्षे केली. ज्यांना वाढ मिळायची, त्यांनीच ती मंजूर केली! १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली. जम्मू-काश्मीरची विधानसभा तेवढी २०१९ पर्यंत सहा वर्षांचीच राहिली.

एकत्रित निवडणुकांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकानुसार, अकाली विसर्जित झालेल्या विधानसभेच्या जागी निवडून येणाऱ्या सभागृहाला केवळ उरलेला काळ मिळेल. आर्कान्साच्या मतदारांनी अपुरा ठरवलेला कालावधी, किंवा त्याहूनही कमी, एखाद्या राज्याच्या वाट्याला येऊ शकेल. तोही तेथील मतदाराला न विचारता.