विमानप्रवासातील अग्निशस्त्रे

परवानाधारक प्रवाशाने आपली बंदूक, रायफल वा पिस्तूल आणि त्यांची काडतुसे विमानाच्या मालकक्षात ठेवावयाच्या सामानातून नेणे, हा हवाई वाहतुकीतील एक काटेकोर अपवाद होय. मूळ नियम मनाईचाच आहे. भारतात विमान नियम, १९३७ यांतील आठव्या नियमाने शासनाच्या परवानगीवाचून शस्त्रे व स्फोटके विमानातून नेण्यास बंदी घातली असून, प्रवाशास मिळते ती सवलत अटींवर मिळते. ज्या विमान अधिनियमाखाली (१९३४) हे नियम झाले, त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

या कडक व्यवस्थेच्या मुळाशी विमान-अपहरणाचा इतिहास आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळविण्यात आले. अपहरणकर्त्यांजवळची शस्त्रे नकली होती असे पुढे उघड झाले. प्रवासी कक्षात खेळण्यातील पिस्तुलासही मज्जाव का, हे यावरून कळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९७४ मध्ये शिकागो कराराचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले. शस्त्र भरलेले नाही याची जाणकार व्यक्तीने खात्री करावी आणि उड्डाणकाळात कोणाचाही हात पोहोचणार नाही अशा जागी ते ठेवावे, ही त्यातील दोन तत्त्वे आजही सर्वत्र प्रमाण मानली जातात.

प्रवाशाने शस्त्राची माहिती विमान कंपनीस आधी द्यावी व विमानतळावर सामान सोपविताना ती लेखी जाहीर करावी लागते. सर्वच कंपन्या शस्त्रे स्वीकारतात असे नाही. परवान्यावरील क्रमांक शस्त्राशी ताडून पाहिले जातात. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद, कठीण पेटीत ठेवतात. काडतुसे वेगळी बांधतात. त्यानंतर उतरण्याच्या ठिकाणी शस्त्र पुन्हा ताब्यात मिळेपर्यंत मालकाचा त्यास स्पर्श होत नाही.

काडतुसांच्या बाबतीत वजनाची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक प्रवाशास स्वतःच्या वापरासाठी, वेष्टनासह ५ किग्रॅ. काडतुसे नेता येतात. स्फोटक वा आग लावणाऱ्या गोळ्या मुळीच चालत नाहीत आणि दोघांच्या मर्यादा एकत्र करून एक गठ्ठा बांधता येत नाही. ही मर्यादा सर्वांना सारखीच पुरते असे मात्र नाही. ५० मी. रायफल स्पर्धेतील ५·६ मिमी. व्यासाची काडतुसे इतक्या वजनात हजाराहून अधिक बसतात. उलट ट्रॅप प्रकारातील बारा बोअरची काडतुसे सु. सव्वाशेच भरतात, प्राथमिक फेरीत १२५ लक्ष्ये असून प्रत्येकावर दोनदा नेम धरता येत असल्याने तेवढी एका फेरीसही अपुरी पडू शकतात. उरलेली वेगळ्या मालवाहतुकीने पाठवावी किंवा स्पर्धास्थळी मिळवावी लागतात.

नेमबाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. दस्ता त्याच्या खांद्याच्या मापाने जुळविलेला असतो व काडतुसांची तुकडी त्याच नळीतून पारखून निवडलेली असते; उसन्या रायफलीने काम भागत नाही. नाशिक येथे क्रीडा प्रबोधिनीत घडलेले कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन अवस्था या प्रकारात ४५१·४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. अशा प्रत्येक परदेश दौऱ्यामागे कागदपत्रांची मोठी साखळी असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या दहाव्या कलमानुसार शस्त्र देशाबाहेर नेणे व परत आणणे यांस परवाना लागतो. शिवाय यजमान देशाची आणि पुष्कळदा वाटेत विमान बदलावयाच्या देशाचीही संमती घ्यावी लागते. दाबाखालील हवेवर चालणाऱ्या रायफलीची नळकांडी रिकामी करूनच न्यावी लागते.

परवाना असला की तो कोठेही चालतो, हा समज चुकीचा आहे. औष्णिक वीजकेंद्रामुळे परिचित असलेल्या एकलहरे (ता. नाशिक) यांसारख्या गोदाकाठच्या गावातील शेतकऱ्यास पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, पण तो नेमून दिलेल्या क्षेत्रापुरता असल्याने ती बंदूक घेऊन ओझरहून विमानाने परराज्यात जाता येणार नाही.

प्रत्यक्षात विमानतळावर अडचणीत येतो तो बहुधा बंदूक जाहीर करणारा नव्हे, तर बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूस घेऊन आलेला प्रवासी. विनापरवाना काडतूस बाळगण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. तथापि ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल खटल्यात (१९७२) स्पष्ट केले आणि मुंबई बाँबस्फोट प्रकरणातील संजय दत्त यांच्या अर्जावरील निर्णयात (१९९४) वेगळ्या कायद्याच्या संदर्भात हेच सूत्र ग्राह्य धरले. बॅग वडिलांची होती, काडतूस त्यांच्या परवान्यावरचे होते, अशा स्वरूपाच्या अनेक प्रकरणांत उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केले आहेत. परंतु हा निवाडा पुढे न्यायालयात व्हावयाचा असतो. तपासणीच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यास जाणीव मोजण्याचा अधिकार नाही. तो काडतूस पोलिसांच्या हवाली करतो व प्रवाशाचे विमान त्याच्यावाचून निघून जाते.