मुका माज : म्हशीच्या डोक्यात काय चालते?



"म्हैस व्याली त्याला चार महिने झाले, अजून माजावर येत नाही, काय करावं?" उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. त्यातल्या बऱ्याच म्हशी माजावर येऊन गेलेल्या असतात. मालकाला पत्ता लागलेला नसतो, एवढेच. एक माज हुकला की २१ दिवस गेले. वैरण-पेंडीचा खर्च चालूच, आणि पुढचे वेत तेवढे लांबले.

माज गर्भाशयातून येतो असे आपण समजतो. पण जनावर माज दाखवते ते मेंदूच्या सांगण्यावरून. बीजांडकोशात बीज पिकू लागले की त्याच्या भोवतालच्या फोडातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. संप्रेरक म्हणजे रक्तातून धाडलेला सांगावा समजा. अन् तो किती थोडा! ऐन माजातसुद्धा एक मिलिलिटर रक्तात त्याचे वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी भरते. पण हे संप्रेरक स्टेरॉइड जातीचे, चरबीत विरघळणारे. म्हणून मेंदूच्या पेशीत ते सहज शिरते. मग जनावर हंबरते, दुसऱ्यावर उडते, दुसरे अंगावर उडाले तरी उभे राहते. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून बीज सोडायचा हुकूम निघतो.

बीज सुटले की त्या जागी पिवळसर गाठ धरते. तिला पीतपिंड म्हणतात. तिच्यातून प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्टेरॉइड येते आणि मेंदूला थोपवून धरते, की गर्भ राहिला असेल, आता माज नको. गर्भ नसला तर सोळा-सतरा दिवसांनी गर्भाशयच पीतपिंड विरघळवायला लागते, आणि पुन्हा माजाची तयारी सुरू होते.

आता खरी मेख. नुसत्या इस्ट्रोजेनने मेंदू पुरता जागा होत नाही. आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन लागते. ते उतरल्यावर इस्ट्रोजेन चढले, तर माज ठळक दिसतो. व्याल्यावर पहिल्यांदा बीज सुटते तेव्हा ही आधीची तयारी झालेली नसते, म्हणून तो माज बहुधा मुका जातो. गायीतही असेच होते. म्हशीचा माज तर मुळातच सौम्य, आणि उन्हाच्या तडाख्यात आणखी मंद. मुका माज म्हणजे वांझपण नव्हे. अशी म्हैस बाजार दाखवण्याची घाई करू नका.

म्हशीची पाहणी पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी करा, कारण दिवसा ती फारसे काही दाखवत नाही. वीस मिनिटे गोठ्यात नुसते उभे राहा. बसलेल्या म्हशीच्या मागे काचेसारखा चिकट बळस पडलेला आहे का, निरण सुजली आहे का, ती थोडे थोडे मुतते का, धारेला दूध कमी आले का, हे पाहा. आढळले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. गायीच्या शेपटीला रक्ताचा डाग दिसला, तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला असे समजा. आता धावपळ करून उपयोग नाही. तिथून अठराव्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसा.

बीज सुटते ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

व्याल्याला दोन-अडीच महिने होऊनही काहीच दिसले नाही, तर पशुवैद्यकाकडून हात घालून तपासून घ्या. पीतपिंड हाताला लागले तर चक्र चालू आहे, माज मुका आहे. अशा जनावराला संप्रेरकाचे इंजेक्शन कामाला येते. बीजांडकोश गुळगुळीत लागले अन् जनावर हाडकुळे असेल, तर आधी खुराक, क्षारमिश्रण आणि जंतांचे औषध. रिकाम्या पोटी मेंदू माजाचा हुकूम सोडत नाही.

इंजेक्शनाचे एक सांगायलाच हवे. पीतपिंड विरघळवणारे इंजेक्शन चुकून गाभण जनावराला दिले, तर गर्भ पडू शकतो. म्हणून आधी गर्भतपासणी करून घ्या. दुसरे औषध डेक्सामेथासोन. सूज, लंगडणे यांवर ते सर्रास टोचले जाते. हेही स्टेरॉइडच. दिवस भरले की वासराचाच मेंदू त्याच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीला जागे करतो, तिच्यातून अशाच जातीचे संप्रेरक निघते आणि गाईला कळा सुरू होतात. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात डेक्सामेथासोन टोचले, तर गाईचे शरीर फसते : दोन-तीन दिवसांत गाय विते, वासरू अपुऱ्या दिवसांचे निघू शकते, आणि वार बऱ्याचदा अडकते. इंजेक्शन द्यायला कोणीही येवो, सुई भरण्याआधीच सांगा, "ही गाभण आहे, इतके महिने झाले."