एका चातीची बाजू

खादी संस्थांच्या कताई केंद्रांत आज ज्या यंत्रावर सूत निघते त्याचे कागदोपत्री नाव ‘न्यू मॉडेल चरखा’ असे आहे. लोखंडी सांगाडा, सहा किंवा आठ चात्या म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या सळ्या, आणि ते सगळे फिरवणारे एक हँडल. सेवाग्राम आश्रमात सूत्रयज्ञाला, म्हणजे सामूहिक कताईला, बसणाऱ्यांच्या पुढ्यात मात्र लाकडाची पेटी उघडलेली असते. तिच्यात एक मोठे चक्र, एक लहान चक्र आणि एकच चाती. दोन्हींना लोक चरखाच म्हणतात. मजुरीची कताई पहिल्याकडे गेली. दुसरा आश्रमांत, शाळांत आणि मेळाव्यांत उरला. पेटी चरख्यावर हात बसलेली माणसे नव्या यंत्राकडे सहसा वळत नाहीत. त्यांच्या या चिकटून राहण्याला भक्ती, आठवणींची ओढ किंवा नुसता हट्ट अशी नावे देऊन विषय संपवला जातो. तो इतक्या लवकर संपवू नये असे मला वाटते. एखाद्या अवजाराचा जुना नमुना सोडायला माणूस तयार नसतो तेव्हा त्या नमुन्याने केलेले, आणि नव्याने न केलेले, एखादे नेमके काम त्याच्या हाताला ठाऊक असते. वर्धा जिल्ह्यात हे तपासून पाहता येते, कारण चरख्याचा वाद आणि चरख्याची सुधारणा या दोन्ही गोष्टी इथल्याच वाड्यांत आणि कार्यशाळांत वाढल्या.

भक्तीचा मुद्दा आधी निकालात काढू. गांधींच्या नावाने जुन्या नमुन्याला कवटाळणे हे गांधींच्याच वागण्याशी जुळत नाही. त्यांनी चरख्याचा कोणताही घाट अखेरचा मानला नाही. गंगाबेन मजमुदार यांनी गुजरातेत विजापूरला शोधून काढलेला चरखा मोठ्या चाकाचा, जागा अडवणारा होता. तो हाती आल्यापासून त्यात बदल करण्याचा उद्योग सुरू झाला, आणि त्यात गांधींचे पुतणे मगनलाल यांनी आपले आयुष्य घातले. १९२८ साली मगनलाल गेले. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्या काळातले एक लाख! अटी वाचण्यासारख्या होत्या. यंत्र हलके असावे, झोपडीत हातापायाने चालावे, बाईला आठ तास फारसे न दमता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत राहावी, आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे आणि दुरुस्ती करत करत ते वीस वर्षे टिकावे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी, या कताईच्या हिशेबाने १६,००० फूट म्हणजे सव्वासहा गुंड्या होतात. एका चातीवर सराईत हातालाही एवढे सूत एका दिवसात काढणे जड जाईल. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही एक यंत्र या परीक्षेला उतरले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. दरम्यान १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधींच्या हाताखाली पेटीत मिटणारा, प्रवासात नेता येणारा चरखा आकाराला आला आणि ‘यरवडा चक्र’ म्हणून पसरला. म्हणजे आज ज्याला जुना म्हणतात तो पेटी चरखा त्या काळचे नवे मॉडेल होता. मोठ्या चाकाचा चरखा टाकून लोकांनी तो आनंदाने घेतला. हेच लोक किंवा यांचे वारस पुढच्या बदलापाशी अडले असतील, तर ‘यांना नवे काही नको असते’ हे उत्तर पुरत नाही.

अडले कुठे, हे पाहायला चाती आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळी, यांच्यामध्ये काय घडते ते समजून घ्यावे लागते. पेटी चरख्यावर उजवा हात चक्र फिरवतो, डावा हात चिमटीत पेळू धरून चातीच्या टोकापासून मागे मागे जातो. चाती फिरते तसा तंतूंना पीळ बसतो आणि हात मागे सरकतो तसा कापूस ताणला जातो. दोन्ही क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात, आणि त्यांचा मेळ कोणतेही दातेरी चाक घालत नाही. तो दोन हात एकमेकांशी घालतात. इथे कापसाचा एक गुण मदतीला येतो. पीळ आधी बारीक जागेकडे धावतो. ती जागा घट्ट होते, तिथले तंतू सरकायचे थांबतात. जाड जागेत पीळ कमी शिरतो, तिथले तंतू अजून सैल असतात, म्हणून हात किंचित मागे गेला की नेमकी जाड जागाच ताणली जाऊन बारीक होते. सूत स्वतःला सारखे करत जाते, फक्त चिमटीने वेळेवर ढिले सोडले पाहिजे आणि वेळेवर दाबले पाहिजे. हात पुरता ताणला की चक्र थोडे उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे आणि तार चातीवर भरायचा. पेळवात कचरा आला, पिंजण नीट झाले नाही, हवा कोरडी पडली, यातले काहीही बोटांना आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. चैत्र-वैशाखात वर्ध्याची हवा तापते तेव्हा ही जाणीव फार कामाची, कारण कोरड्या हवेत तंतू विस्कटतात आणि सूत वारंवार तुटते.

आता अंबर चरखा घ्या. तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी तो रचला आणि त्यांच्याच नावावरून त्याचे नाव पडले. १९५०च्या दशकात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास सरकारने त्याला उचलून धरले. आजचा न्यू मॉडेल चरखा हे त्याचेच वाढवलेले रूप. त्यात कापूस ताणण्याचे काम रोलरच्या जोड्या करतात. मागची जोडी हळू फिरते, पुढची जलद. दोन्हींच्या वेगातल्या फरकाने कापसाची वात ठरलेल्या प्रमाणात लांबते आणि पुढे तिला पीळ बसून ती गुंडाळली जाते. गिरणीतल्या साच्याचे तत्त्व हेच आहे. इथे ते हाताने फिरवले जाते एवढेच. सुताची जाडी हँडल फिरवण्यापूर्वीच ठरून गेलेली असते. कातणारीकडे तुटलेला तार जोडणे आणि हँडल चालू ठेवणे ही दोन कामे राहतात. त्यांनाही कसब लागते आणि ते कसब मी हलके लेखत नाही. पण चिमटीतला निर्णय संपला. पेटी चरख्याशी जडलेल्या माणसाला जे सोडवत नाही ते हेच.

या बदलाचा परिणाम हातापुरता राहिला नाही, तो शेतापर्यंत गेला, आणि वर्ध्याच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन रोलर-जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीवर बेतलेले असते. तंतू आखूड किंवा लहानमोठे निघाले तर ते मधेच तरंगतात आणि सूत गाठाळ होते. म्हणून रोलरला एकसारखा, लांब धाग्याचा कापूस लागतो आणि तो आधी यंत्रावर पिंजून त्याची काटेकोर वात केलेली लागते. खादी आयोगाने त्यासाठी सिहोर, चित्रदुर्ग, रायबरेली, हाजीपूर, कुट्टूर अशा ठिकाणी मध्यवर्ती पेळू कारखाने उभारले, वीज खाणारे. त्या यादीत कापसाच्या विदर्भातले एकही गाव नाही. हिंगणघाटच्या नावाने एकोणिसाव्या शतकात देशी कापसाची एक जातच बाजारात ओळखली जात होती. त्याच तालुक्यात आज उगवणारा कापूस सरळ जिनिंगला जातो. चिमटीला मात्र तंतूच्या लांबीची एवढी सक्ती नसते. हात आपली चाल कापसाप्रमाणे बदलतो, म्हणून आखूड धाग्याचा देशी कापूसही हाताने पिंजून, घरच्या पेळवांतून कातता येतो. सरकी काढण्यापासून सुतापर्यंतची सगळी साखळी एका गावात मावू शकते ती एका चातीच्या चरख्यावर. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा त्याचे सचिव जे. सी. कुमारप्पा यांच्या सगळ्या मांडणीचा कणा हाच होता: कच्चा माल जिथे पिकतो तिथेच त्याचा पक्का माल व्हावा. आठ चात्यांनी सूत वाढवले, पण ही साखळी मधेच तोडली.

यावर सर्वांत जड आक्षेप मजुरीचा आहे आणि तो टाळता येत नाही. एका चातीवर कातून पोट भरत नाही. ज्या बाईला दिवसाच्या शेवटी पैसे घरी न्यायचे आहेत तिला बोटांतल्या निर्णयाचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. तिला आठ चात्या मिळाल्याच पाहिजेत, आणि उद्या सोळा मिळत असतील तर त्याही. हा आक्षेप वर्ध्यात तेव्हाही ठाऊक होता. विनोबांनी नालवाडीला असताना कताईच्या मजुरीवरच गुजराण करण्याचा प्रयोग स्वतःवर केला, त्यातून ती मजुरी किती अपुरी आहे ते उघडे पडले. १९३५ साली गांधींनी कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी असा आग्रह धरला, आठ तासांना आठ आण्यांचा आदर्श पुढे ठेवला आणि खादी महागली तरी चालेल असे ठरवले. हिशेबात बसले ते त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे मजुरीचा प्रश्न तेव्हाही किमतीने पुरता सुटला नव्हता. मी एवढेच म्हणतो की मजुरीचे यंत्र आणि स्वतःच्या कपड्यासाठी कातण्याचे यंत्र ही दोन वेगळी अवजारे आहेत. १९४४ साली सेवाग्रामला चरखा संघाच्या नवसंस्करणाचा विचार झाला तेव्हा जोर नेमका दुसऱ्यावर होता: जो कातेल त्याने खादी घालावी, आणि विकत घेणाऱ्यानेही किमतीचा काही भाग सुताने द्यावा. नवा नमुना आला यात चूक नव्हती. तो आल्यावर जुन्याला ‘मागे पडलेला’ ठरवले, त्याचे संशोधन थांबवले, त्याचे सुटे भाग आणि त्याला लागणारे पेळू यांची सोय आटू दिली, ही चूक.

अवजार बदलल्यावर त्याच्याशी बांधलेले कसब कसे पोरके होते याचे उदाहरण हॉकीत दिसते. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली; पुढे जालंधर आणि मेरठच्या तुतीच्या लाकडाच्या स्टिकची जागा कार्बन आणि काचतंतूच्या स्टिकने घेतली. लाकडी स्टिकवर मनगट घडलेले खेळाडू आपला आवडता नमुना बंद झाल्यावर हळहळले, तेव्हा त्यांना त्या स्टिकच्या लवचिकपणाची, चेंडू अडवताना ती देत असलेल्या मऊपणाची आठवण होत होती. नवी स्टिक जोर अधिक देते, पण तो मऊपणा वेगळाच. फरक असा की हॉकीपटूचा नमुना कारखान्याने बंद केला की तो काही करू शकत नाही. चरख्याचे तसे नाही. पेटी चरखा गावचा सुतार पाहून करू शकतो, चाती लोहार सरळ करून देतो, दोरी घरच्या सुताची वळता येते. याही पुढे जाणारी धनुष तकली सेवाग्रामच्या वर्तुळातच पुढे आली. मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, यांनी ती शोधली; बांबूच्या धनुकलीने फिरणारी, जवळजवळ फुकटात होणारी. न्यू मॉडेल चरख्याचा रोलर किंवा त्यावरचे रबर गेले तर गावात इलाज नाही. जुन्या नमुन्यावरच्या प्रेमात दुरुस्तीची ही मुभाही धरलेली असते.

मग जुना नमुना संग्रहालयात ठेवला की झाले, असे कोणी म्हणेल. वर्ध्यात संग्रहालयही आहे: मगनलालांच्या नावाचे मगन संग्रहालय, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते उघडलेले. पण तिथे अवजारे मांडण्यामागचा हेतू ती पाहून लोकांनी करून घ्यावीत, सुधारावीत असा होता. काचेआड ठेवलेल्या चरख्यातून चक्राचा घाट कळतो, चिमटीचा दाब कळत नाही. तो जिवंत राहतो तो वापरातच, आणि सुदैवाने जिल्ह्यात तो वापर अजून आहे. २००५ साली सेवाग्रामला पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुले कातायला शिकतात. पवनारला धाम नदीकाठी, जिथे १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या, दरवर्षी त्या दिवशी सर्वोदय मेळा भरतो, आणि विनोबांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे स्वतः कातलेली एक गुंडी सूतांजली म्हणून वाहिली जाते. त्या गुंडीला आठ चात्या लागत नाहीत.

या वापराला लागणारी सामग्री मोठी नाही. मापात बसणारी चाती, चक्रांचे ठरलेले आकार, घट्ट पिळाची दोरी आणि, सर्वांत निकडीचे, हाताने किंवा लहान यंत्रावर पिंजलेल्या देशी कापसाचे पेळू. गोपुरीच्या ग्राम सेवा मंडळासारख्या संस्थांकडे कताई-विणाईचा नव्वद वर्षांचा अनुभव आहे, नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या शिवारात कापूस पिकवणारे शेतकरी आहेत. या तिघांनी मिळून एका हंगामात देशी कापसाची थोडी पेरणी, त्या कापसाची स्वतंत्र रेचाई (सरकी काढणे) आणि जिल्ह्यातल्या शाळांना वर्षभर पुरतील एवढे पेळू इतके केले, तर १९२९च्या त्या बक्षिसामागचा एक प्रश्न पुन्हा तपासता येईल: एका चातीचा चरखा आणखी किती सुधारू शकतो. रोलर आल्यापासून तो प्रश्न गंभीरपणे फारसा कोणी हाती घेतलेला दिसत नाही.