सुखाचा प्रवास आणि टायरची निवड



गेल्या दसऱ्यानंतर माझ्या आईला औषधोपचारासाठी बेळगावहून बंगळूरला आणावयाचे होते. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, आईचे वय अठ्ठ्याहत्तर आणि मणक्याचे दुखणे जुने. घरी मोठी मोटार, जिला हल्ली सर्वजण एसयूव्ही म्हणतात, असल्यामुळे प्रवासाची चिंता नाही, अशी माझी समजूत होती. ती हावेरीपर्यंतही टिकली नाही. पुलांच्या प्रत्येक सांध्यावर आणि प्रत्येक गतिरोधकावर आई डोळे मिटून ओठ आवळीत होती. दावणगेरे मागे पडल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाळ, गाडी मोठी आहे खरी, पण तुझ्या आजोबांच्या बैलगाडीत याहून कमी हिसके बसत."

दोष गाडीचा नव्हता, माझा होता. मूळचे टायर झिजल्यावर मुलाच्या आग्रहावरून मी चिखलात आणि खडकाळ वाटांवर चालणारे, खोल खाचांचे, दणकट टायर बसविले होते. गाडी रुबाबदार दिसू लागली होती आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता. आता तीन महिन्यांनी आईला परत पोचवावयाचे होते. सरकारी नोकराला एक सवय असते. शेरा लिहिण्यापूर्वी तो कागद मुळापासून वाचतो. टायरच्या बाबतीत मी तेच केले.

आईने काढलेली बैलगाडीची आठवण विषयाला सोडून नव्हती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत. धावेमुळे चाक झिजत नसे, पण रस्त्याचा प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचे. धावेच्या जागी हवा भरलेली नळी बसविण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली पेटंट घेऊन मांडली. परंतु ती व्यवहारात रुजविली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने, १८८८ साली, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. योगायोग असा की, त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ तेथूनच मानला जातो. आज त्या नावाचा वाटा असलेल्या, बंगळूरजवळील बिडदी येथील कारखान्यातून मोठमोठ्या मोटारी बाहेर पडतात.

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते, असे आपल्याला वाटते. खरे पाहता ते मुख्यतः आतील हवा पेलते. दोन टनांची गाडी घेतली, तर प्रत्येक चाकावर सुमारे पाचशे किलो भार येतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो असेल, तर चाक सुमारे अडीचशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. म्हणजे मध्यम आकाराच्या पुस्तकाच्या एका पानाहूनही कमी. खड्डा आला की टायरची बाजूची भिंत वाकते, हवा दबते आणि धक्क्याचा काही अंश तेथेच जिरतो. ही भिंत जितकी उंच आणि लवचिक, तितका प्रवास मऊ. जितकी ती ठेंगणी आणि ताठ, तितका धक्का सरळ वर.

ही उंची टायरवरच लिहिलेली असते. '२६५/६५ आर १७' या अक्षरांचा अर्थ असा : टायरची रुंदी २६५ मिलिमीटर; भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर; आणि धातूच्या चकतीचा व्यास १७ इंच. 'आर' म्हणजे रेडियल. या रचनेत आतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात, त्यामुळे भिंत मोकळेपणाने वाकू शकते; फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले. आता शेजारी '२६५/६० आर १८' हे माप ठेवा. येथे भिंत १५९ मिलिमीटर उरते. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखी, ७७६ आणि ७७५ मिलिमीटर; परंतु पहिल्यात भिंत १३ मिलिमीटरांनी उंच. मोठ्या चकतीचे चाक दिसावयास देखणे असते, पण ते देखणेपण बसणाऱ्याच्या पाठीकडून वसूल होते. चकती लहान करावयाची झाल्यास आतील ब्रेकला जागा उरते ना, आणि ते माप उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केले आहे ना, हे पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये.

दुसरा प्रश्न जातीचा. मोठ्या गाड्यांच्या टायरांत ढोबळमानाने तीन जाती आहेत : हमरस्त्याचे, सर्व प्रकारच्या वाटांचे आणि केवळ चिखलाचे. खाचा जसजशा खोल आणि ठोकळे मोठे होतात, तसतसा आवाज, कंप आणि वजन वाढते. चाकाचे वजन स्प्रिंगांच्या खालचे असल्यामुळे जड चाक खड्ड्यातून उसळले की स्प्रिंगांना ते आवरणे कठीण जाते. माझी गाडी वर्षातून एकदाही चिखलात उतरत नव्हती. ती बंगळूरच्या सिग्नलांपाशी उभी राहत होती. मालवाहू गाड्यांसाठी बनविलेले जाड भिंतींचे टायरही प्रवासी गाडीस ताठ पडतात. मात्र मऊपणाच्या लोभाने भार पेलण्याची क्षमता घटवू नये. मापापुढील आकडा ती क्षमता सांगतो : ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. मूळच्या आकड्याहून कमी आकडा कधीही स्वीकारू नये.

याच सुमारास एका हितचिंतकाने सोपा उपाय सुचविला : "हवा थोडी कमी ठेवा, गाडी आपोआप मऊ चालेल." चालते, हे खरे. परंतु कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, वाकण्याने तापतो, आणि भरधाव वेगात हमरस्त्यावर फुटू शकतो. पाठीचे दुखणे वाचवावयास जाऊन जीव धोक्यात घालण्याचाच हा प्रकार. उलट, ठरल्याहून अधिक हवा भरल्यास उगाच हादरे बसतात. चालकाकडील दाराच्या चौकटीवरील तक्त्यात सांगितलेला दाब, टायर थंड असताना, भरावा; एवढे पुरे.

विकत घेताना टायरच्या भिंतीवरील शेवटचे चार आकडे वाचावेत. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील माल. रबर दुकानात पडूनही म्हातारे होते आणि कडक बनते. चारही टायर एकाच मापाचे व जातीचे असावेत. बसविल्यावर चाकांचा तोल आणि रोख तपासून घ्यावा. नाहीतर नवे टायरही ठराविक वेगाला थरथरतात किंवा गाडी एका अंगाला ओढतात. आणि आघातशोषकच निकामी झाले असतील, तर उत्तम टायरही ती उणीव भरून काढीत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

मी अखेर उंच भिंतीचे, हमरस्त्याच्या जातीचे, मूळ मापाचे टायर घेतले. मुलाला गाडी थोडी बापुडवाणी वाटली. जानेवारीत आईला घेऊन आम्ही पहाटे निघालो. रस्ता तोच होता, पुलांचे सांधेही तेच होते, आणि हादरे अगदीच नाहीसे झाले होते असे मी म्हणणार नाही. पण तुमकूर सोडल्यावर मी आरशातून मागे पाहिले, तेव्हा आईला झोप लागली होती. ती जागी झाली ती चित्रदुर्गाचा किल्ला दिसू लागल्यावर.

टायर निवडताना दुकानदार विचारतो, गाडी कोणती? तो प्रश्न रास्तच आहे. त्याच्या जोडीला आपण स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा : या गाडीत बसणार कोण?