हक्क तिचा, राज्य त्यांचे

प्रशियाच्या उदयाची कथा इतिहासाच्या वर्गात बहुधा फ्रेडरिक राजाच्या कवायती फौजेपासून सुरू होते. तथापि, या घराण्याचे पाऊल ऱ्हाइनकाठी प्रथम पडले ते एका स्त्रीच्या वारसाहक्काने. ॲना हे तिचे नाव सहसा कोणाच्या कानी पडत नाही.

२५ मार्च १६०९ रोजी यूलिख, क्लेव्ह व बेर्ग या जर्मन प्रदेशांचा ड्यूक योहान विल्हेल्म निपुत्रिक वारला. पुरुषवंश खुंटल्यास वारसा कन्यांकडे जावा, अशी सनद सम्राट पाचव्या चार्ल्सने या घराण्यास १५४६ मध्ये दिली होती. पण कोणत्या कन्येकडे? ड्यूकची थोरली बहीण वर्षभर आधीच निवर्तली होती. तिची मुलगी ॲना ही ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर योहान सिगिस्मुंड याची पत्नी. ॲनाची मावशी मात्र हयात होती, आणि तिला वोल्फगांग विल्हेल्म हा पुत्र होता. थोरलीच्या मुलीचा हक्क श्रेष्ठ, की हयात बहिणीच्या मुलाचा? मावशी-भाचीच्या या प्रश्नावर युरोपातील फौजा हलल्या. फ्रान्सचा चौथा हेन्री याच प्रकरणी मोहिमेच्या तयारीत असता मे १६१० मध्ये त्याचा खून झाला.

दोन्ही दावेदार मूळचे ल्यूथरपंथी. पुढे वोल्फगांग कॅथलिक झाला, तर सिगिस्मुंडने १६१३ च्या नाताळात कॅल्व्हिनचा पंथ स्वीकारला. १६१४ च्या झांटेनच्या तहाने क्लेव्ह व मार्क ब्रांडेनबुर्गकडे, यूलिख व बेर्ग वोल्फगांगकडे गेले. १६१८ मध्ये ॲनाचे वडील वारले आणि प्रशियाचे ड्यूकपदही तिच्या पतीकडे आले. पश्चिमेचा मुलूख आईच्या माहेरचा, पूर्वेचा स्वतःच्या माहेरचा; राज्य मात्र दोन्हीकडे पतीचे!

ॲना मुकी नव्हती. पतीने पंथ बदलला, तिने आपला सोडला नाही. वैधव्यात, मुलाचा विरोध असताही, १६२० मध्ये तिने आपल्या मुलीचा विवाह स्वीडनच्या गुस्टाव्हस आडोल्फसशी लावून दिला.

सनदेने कन्येला वारस म्हटले, पण तो वारसा पुरुषाकडे पोचविणारा पूल एवढेच तिचे स्थान राहिले. कायद्यात हक्क लिहिला जाणे आणि तो हाती येणे यांतील हे अंतर प्रशियाचा धडा शिकविताना विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावे. पूल ओलांडणाऱ्यांची नावे पाठ करताना पुलाचेही नाव घ्यावयास हवे.