प्लगइन गेले, पाठ अडले

मालेगाव तालुक्यातील (नाशिककडील मालेगाव नव्हे, आमच्या वाशिम जिल्ह्यातील) एका खेड्यातल्या शाळेत गेल्या पावसाळ्यात जाण्याचा योग आला. लोकवर्गणीतून घेतलेला संगणक, भिंतीवर पडदा आणि कपाटात पाठांच्या सीडी. गुरुजींनी पचनसंस्थेचा पाठ लावला, तो पडद्यावर उमटली एक करडी चौकट आणि प्लगइन चालत नसल्याची सूचना. ‘संगणक बिघडला,’ हा गावाचा निष्कर्ष. वस्तुतः संगणकाला काहीही झालेले नव्हते.

प्लगइन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेली पूरक आज्ञावली. १९९६ च्या सुमारास हलती चित्रे दाखविणे ब्राउझरला स्वतःच्या बळावर जमत नसे. ते काम पुढे फ्लॅशने पत्करले. त्या काळी दुरुस्तीची रीतही ठरलेली असे. यादीत प्लगइन चालू आहे का ते पाहावे, नवी आवृत्ती घ्यावी, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. परंतु याच फटीतून संगणकात व्हायरस शिरू लागले. २०१४ मध्ये एचटीएमएल-५ हे मानक अधिकृत झाले आणि ध्वनिचित्रांचे काम ब्राउझरच करू लागला. फ्लॅशची मालक असलेल्या अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅशने मजकूर दाखविण्यासच नकार दिला.

तेव्हा आज ‘फ्लॅश चालू कसे करावे’ हा प्रश्नच उरलेला नाही. इंटरनेटवर कोणी ते फुकट देऊ करीत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. सीडीतील फाइलच्या नावाअखेर ‘ईएक्सई’ असेल, तर पाठ बहुधा आपला प्लेअर सोबत घेऊनच आलेला असतो; तो ब्राउझरविना चालवून पाहावा. ‘एसडब्ल्यूएफ’ असेल, तर ‘रफल’ नावाची मोफत आज्ञावली वापरावी. जुन्या धाटणीचे पाठ तिच्यात बरेचसे चालतात, नंतरच्या काळातले काही अडतात. आजचे व्हिडिओ अडले, तर मात्र कारण निराळे असते: ध्वनीची परवानगी नाकारलेली असते, किंवा ब्राउझरच जुना असतो.

खरा प्रश्न वर्गणीच्या पैशाचा आहे. कंपनीने हा शेवट जुलै २०१७ मध्येच जाहीर केला होता. साडेतीन वर्षांत ही वार्ता त्या गुरुजींपर्यंत कोणी पोचविली? पाठ विकणाऱ्याने तरी पुन्हा तोंड दाखविले का? एकाच कंपनीच्या मर्जीवर चालणारी वस्तू आपण गावाच्या गळ्यात बांधीत आहो, हे त्याला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. यापुढे पाठ घेताना ते प्लगइनविना चालतील, असे शाळांनी विक्रेत्याकडून लिहून घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत.

त्या दिवशी आम्ही रफल उतरवून घेतले. जठर दिसले, आतडी दिसली, घासही पुढे सरकू लागला. पाठाअखेरची प्रश्नावली तेवढी उघडली नाही. ते प्रश्न गुरुजींनी फळ्यावर लिहून घेतले.